बघीरा : नाव १८९६चे, ओळख २००९ची

बघीरा ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक लहानशी प्रजाती आहे. तिच्यात आजवर चारच जातींची नोंद झाली असून त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून मेक्सिको, ग्वातेमाला आणि कोस्टा रिका या पट्ट्यात आढळतात. यांपैकी ‘बघीरा किपलिंगी’ ही जाती प्राणिशास्त्रात एका विलक्षण अपवादासाठी ओळखली जाते. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्याच शिकारीवर जगतात. जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीचा हा कोळी मात्र मुख्यतः एका बाभळीच्या पानांचे शेंडे खाऊन जगतो.

या कोळ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८९६ साली. तो काय खातो हे जगापुढे आले २००९ साली. मधल्या ११३ वर्षांत त्याची बाभूळ अभ्यासकांच्या नजरेआड नव्हती. उष्ण कटिबंधातील ज्या मोजक्या झाडांवर सर्वाधिक लिहिले गेले, त्यांत तिची गणना होते. कोळ्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांकडे कोळी होता, पण झाड नव्हते. झाडाचा अभ्यास करणाऱ्यांसमोर झाड होते, पण त्यांचे लक्ष मुंग्यांकडे होते. बघीराचा इतिहास म्हणजे वेगळ्या राहिलेल्या या दोन वाटा एकत्र येण्याचा इतिहास आहे.

मिलवॉकीचे पेकहॅम दांपत्य

उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे कुळ कोळ्यांमधले सर्वांत मोठे कुळ आहे. आज त्यात सहा हजारांहून अधिक जाती मोडतात. हे कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाहीत. आठ डोळ्यांपैकी समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी ते सावज हेरतात, दबकत जवळ जातात आणि झेप घेतात. मागच्या पायांत रक्तद्रवाचा दाब एकाएकी वाढवून ते अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट अंतर पार करतात. उडी मारण्यापूर्वी रेशमाचा एक धागा मागे चिकटवून ठेवतात, म्हणजे झेप चुकली तरी खाली पडण्याची भीती नाही. एकोणिसाव्या शतकात या कुळाला ‘ॲटिडी’ म्हणत, आज ‘साल्टिसिडी’ म्हणतात.

अमेरिकेत या कुळाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम यांचे नाव आघाडीवर आहे. जॉर्ज विल्यम्स पेकहॅम यांचा जन्म १८४५चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते तरुण वयातच सैन्यात दाखल झाले. पुढे त्यांनी कायदा आणि वैद्यक या दोन्ही शाखांचे शिक्षण घेतले, पण वकिलीही केली नाही आणि दवाखानाही थाटला नाही. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात ते माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. त्यानंतर शहराच्या शाळांचे अधीक्षक आणि शेवटी सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख अशी पदे त्यांनी सांभाळली. एलिझाबेथ गिफर्ड यांचा जन्म १८५४ साली मिलवॉकीतच झाला. व्हासर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्या १८७६ साली पदवीधर झाल्या. १८८० साली दोघांचा विवाह झाला आणि तिथून पुढे त्यांचे जवळपास सगळे संशोधन दोघांच्या नावावर प्रसिद्ध झाले. विद्यापीठातील नोकरी दोघांपैकी कोणाकडेही नव्हती. शाळेच्या सुट्ट्या आणि घराभोवतीचे रान एवढ्याच भांडवलावर त्यांनी हे काम उभे केले.

पेकहॅम दांपत्याची ख्याती केवळ नवनव्या जातींना नावे देण्यापुरती नव्हती. जिवंत कोळ्यांचे वागणे तासन्‌तास न्याहाळणारे ते पहिल्या पिढीतले अभ्यासक होते. १८८९ साली त्यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या प्रणयनृत्यावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. नर कोळी मादीपुढे पाय उंचावतो, अंग तिरके करतो, रंगीत भाग तिच्या नजरेत येतील असा फिरतो, हे त्यांनी जातीमागून जात तपासून लिहिले. मादीच्या निवडीमुळे नरांत सजावट वाढत जाते, हा डार्विनचा सिद्धान्त त्या काळी वादात सापडला होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना तो मान्य नव्हता. पेकहॅम दांपत्याने आपल्या निरीक्षणांच्या बळावर डार्विनची बाजू घेतली. १८९४ साली त्यांनी कोळ्यांची दृष्टी आणि रंगज्ञान यांवर प्रयोग करून लेख लिहिला. १८९८ साली एकांड्या गांधीलमाश्यांच्या सवयींवरचे त्यांचे पुस्तक आले आणि तेही नावाजले गेले.

मोगलीच्या गोष्टीतली नावे

१८९०च्या दशकात मध्य अमेरिकेतून प्राण्यांचे आणि वनस्पतींचे नमुने युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत मोठ्या प्रमाणावर पोहोचत होते. गॉडमन आणि साल्विन या दोन इंग्रज निसर्गतज्ज्ञांनी संपादित केलेल्या ‘बायोलॉजिया सेंट्राली-अमेरिकाना’ या महाग्रंथमालेचे खंड याच काळात निघत होते. पेकहॅम दांपत्याकडेही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले कोळी येत. त्यांचा अभ्यास करून १८९६ साली त्यांनी विस्कॉन्सिनच्या निसर्गेतिहास संस्थेच्या प्रकाशनात एक दीर्घ निबंध छापला. त्यात अनेक नव्या प्रजाती होत्या आणि त्यांतल्या चार प्रजातींना त्यांनी ‘अकेला’, ‘बघीरा’, ‘मेसुआ’ आणि ‘नागैना’ अशी नावे दिली होती.

ही चारही नावे रडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’मधली आहेत. अकेला हा लांडग्यांच्या कळपाचा नायक, बघीरा हा मोगलीला जपणारा काळा बिबट्या, मेसुआ ही त्याला घरात घेणारी गावातली बाई आणि नागैना ही रिक्की-टिक्की या मुंगसाच्या गोष्टीतली नागीण. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथल्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत असत. मोगलीच्या कथा मध्य प्रांतातल्या शिवणीच्या जंगलात घडतात, पण त्या लिहिल्या गेल्या अमेरिकेत. किपलिंग १८९२ ते १८९६ या काळात व्हरमाँट राज्यात राहत होते आणि ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे पुस्तक निघाल्यावर दोनच वर्षांत त्यातली पात्रे कोळ्यांच्या शास्त्रीय नामावलीत जाऊन बसली. बघीरा प्रजातीतल्या पहिल्या जातीला तर पेकहॅम दांपत्याने लेखकाचेच नाव जोडले आणि ‘बघीरा किपलिंगी’ हे नाव तयार झाले.

हे नाव कोळ्याच्या रूपावरून पडलेले नाही. नराचे पाय अंबरच्या रंगाचे, शिरोवक्ष गडद आणि पुढच्या बाजूला हिरवट छटेचे, तर उदर सडपातळ, तांबूस आणि त्यावर हिरवे आडवे पट्टे असतात. मादीचे उदर बरेच मोठे आणि फिकट तपकिरी असते. १८९६चे वर्णन नराच्या नमुन्यावरून केलेले होते. नमुना मृत, दूरदेशाहून आलेला आणि कोणत्या झाडावर तो जगत होता याविषयी काहीही न सांगणारा होता. विस्कॉन्सिनच्या कोळ्यांचे नृत्य महिनोन्‌महिने न्याहाळणाऱ्या या दांपत्याने जिवंत बघीरा पाहिलाच नव्हता. त्यांच्या वर्णनात पायांची लांबी, डोळ्यांची मांडणी आणि अंगावरचे रंग आले. त्याच्या जगण्याविषयी काही येणे शक्यच नव्हते.

पेकहॅम दांपत्याचा संग्रह पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयात गेला. जॉर्ज १९१४ साली वारले. एलिझाबेथ यांनी त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या साठीत, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९४० साली त्यांचे निधन झाले. बघीरा हे नाव तोवर याद्यांमध्ये आणि संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर नोंदले गेले होते, एवढेच.

शिंगांच्या काट्यांची बाभूळ

बघीरा ज्या झाडावर राहतो त्याचा इतिहास त्याहून जुना आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ याला नव्याने जिंकलेल्या मेक्सिकोतल्या औषधी वनस्पतींची माहिती जमवायला पाठवले होते. १५७०च्या दशकात हर्नांदेझने जी टिपणे केली त्यांत बैलाच्या शिंगांसारखे काटे असलेल्या एका झाडाचे आणि त्या काट्यांत राहणाऱ्या, कडकडून डसणाऱ्या मुंग्यांचे वर्णन आहे. १७५३ साली लिनियसने या झाडाला ‘शिंगे धारण करणारी’ अशा अर्थाचे ‘कॉर्निजेरा’ हे जातिनाम दिले. आज ही जाती ‘व्हॅचेलिया’ प्रजातीत ठेवतात. महाराष्ट्रातली बाभूळ आणि हिवर हीदेखील याच प्रजातीतली झाडे आहेत.

मध्य अमेरिकेतल्या या बाभळींच्या काही जाती मुंग्यांना तीन गोष्टी पुरवतात. पहिली गोष्ट घर. पानांच्या बुडाशी जोडीजोडीने येणारे काटे फुगीर असतात, त्यांचा गर मुंग्या कोरून काढतात आणि आत अंडी-अळ्या वाढवतात. दुसरी गोष्ट गोड रस. पानांच्या देठांवरच्या ग्रंथींतून तो पाझरत राहतो. तिसरी गोष्ट घन अन्न. कोवळ्या पानांच्या पर्णिकांच्या टोकांशी पिवळसर, लांबट दाणे येतात आणि मुंग्या ते तोडून अळ्यांना भरवतात.

या व्यवहाराचा अर्थ सर्वप्रथम नीट मांडला तो टॉमस बेल्ट या इंग्रज खाणतज्ज्ञाने. १८६८ ते १८७२ या काळात तो निकाराग्वातल्या चोंतालेस भागात सोन्याच्या खाणींचे काम पाहत होता. फावल्या वेळात त्याने आसपासच्या निसर्गाचा जो अभ्यास केला तो ‘द नॅचरलिस्ट इन निकाराग्वा’ या १८७४ सालच्या पुस्तकात आला. डार्विनने या पुस्तकाची मनापासून वाखाणणी केली होती. फांदीला हात लागताच मुंग्या काट्यांतून बाहेर पडून तुटून पडतात, हे बेल्टने पाहिले. पाने कापून नेणाऱ्या मुंग्या आणि चरणारी जनावरे यांच्यापासून त्या झाडाचे रक्षण करतात आणि मोबदल्यात झाड त्यांना घर व अन्न देते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याने या बाभळीचे बी आपल्या बागेत पेरून रोपे वाढवली. त्या रोपांवर रक्षक मुंग्या आल्या नाहीत आणि पाने कापणाऱ्या मुंग्यांनी ती ओरबाडून नेली. माळावरच्या, मुंग्यांनी राखलेल्या झाडांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता.

पर्णिकांच्या टोकांवरच्या दाण्यांना पुढे बेल्टच्या नावावरून ‘बेल्ट पिंड’ म्हणू लागले. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७७ साली त्यांच्या अंतर्रचनेवर निबंध लिहिला. पण बेल्टच्या निष्कर्षाला सर्वांनी मान डोलावली नाही. झाडाला मुंग्यांची काहीच गरज नसते, मुंग्या केवळ तिथे आयता आसरा घेतात, असे मानणारे अभ्यासक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. विल्यम मॉर्टन व्हीलर हे मुंग्यांचे थोर अभ्यासकही बेल्टच्या मताविषयी साशंक होते.

जॅन्झेन यांचे प्रयोग

हा वाद निकाली काढला डॅनिएल जॅन्झेन या अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिकाने. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात, विद्यार्थिदशेत असताना, त्यांनी पूर्व मेक्सिकोत या बाभळींवर सविस्तर काम केले. काही झाडांवरच्या मुंग्या त्यांनी काढून टाकल्या, काहींवर राहू दिल्या आणि दोन्हींची वाढ ताडून पाहिली. मुंग्या नसलेल्या झाडांची पाने किड्यांनी फस्त केली, वेलींनी ती झाडे वेढली, त्यांची वाढ खुंटली आणि बरीचशी मेली. मुंग्या असलेली झाडे जोमाने वाढली. मुंग्या रात्रंदिवस पहारा देतात, इतकेच नव्हे, तर झाडाच्या बुंध्याभोवती उगवणारी दुसरी रोपेही कुरतडून टाकतात, हेही त्यांनी दाखवले. १९६६ साली ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध हा परस्परोपकाराच्या उत्क्रांतीवरचा पायाभूत निबंध ठरला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बाभूळ आणि ‘स्यूडोमर्मेक्स’ मुंग्यांचे उदाहरण शिरले ते तिथूनच.

पुढच्या दोन निष्कर्षांचा बघीराच्या कथेशी थेट संबंध येतो. पहिला १९७३चा. मुंग्या न पाळणाऱ्या बाभळी किड्यांना दूर ठेवण्यासाठी पानांत विषारी रसायने तयार करतात. मुंग्या पाळणाऱ्या बाभळींच्या पानांत ही रसायने आढळली नाहीत. राखणीचे काम मुंग्यांवर सोपवल्यामुळे झाडाने स्वतःचे विष सोडून दिले होते. याचा अर्थ असा की, मुंग्यांना चुकवू शकणाऱ्या प्राण्यासाठी ही पाने जवळजवळ बिनविषारी अन्न होती. दुसरा निष्कर्ष १९७५चा. जॅन्झेन यांना मुंग्यांची अशी एक जाती सापडली की जी काट्यांत राहते, रस आणि पिंड खाते, पण झाडाची राखण करीत नाही. तिला त्यांनी परस्परोपकारावर जगणारी परोपजीवी म्हटले. दोघांच्या देवाणघेवाणीत तिसरा घुसून फायदा उपटू शकतो, ही कल्पना त्यामुळे अभ्यासकांच्या परिचयाची झाली. तो तिसरा एखादा कोळी असेल, अशी शंका मात्र कोणाला आली नव्हती.

याचे एक कारण कोळ्यांच्या शरीररचनेत आहे. कोळ्याला चावून गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो. अशा प्राण्याने तंतूंनी भरलेला वनस्पतीचा घन भाग खाऊन जगावे, हे अशक्यच मानले जाई. कोळी वनस्पतीजन्य अन्नाला अजिबात तोंड लावत नाहीत, असे मात्र नव्हते. १९८४ साली स्मिथ आणि मोम्सेन यांनी दाखवले की बागेतल्या कोळ्याची पिल्ले जाळ्याला चिकटलेले परागकण खातात. २००१ साली रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कितीतरी जाती फुलांतला मध पितात असे नोंदवले. पण हा सगळा जोडआहार होता. शिकार हाच मुख्य आहार, या नियमाला धक्का बसला नव्हता.

कोस्टा रिका २००१, किंताना रो २००७

अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाचे एरिक ओल्सन यांनी २००१ साली कोस्टा रिकात मुंग्यांच्या बाभळीवर एक लहान कोळी बेल्ट पिंड तोडून खाताना पाहिला. २००७ साली मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात व्हिलानोव्हा विद्यापीठातला विद्यार्थी ख्रिस्तोफर मीहन याने हेच पाहिले. दोघांना एकमेकांच्या निरीक्षणाची कल्पना नव्हती. कोळी ‘बघीरा किपलिंगी’च आहे हे स्पष्ट झाले, दोन्ही निरीक्षणे एकत्र आली आणि व्हिलानोव्हाचे रॉबर्ट करी तसेच कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे मॅथ्यू रायडिंक आणि कर्ट कायसर यांच्या साथीने संयुक्त अभ्यास उभा राहिला. त्यावरचा निबंध ऑक्टोबर २००९मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अभ्यासकांनी दोन प्रकारचे पुरावे दिले. पहिला प्रत्यक्ष पाहणीचा. झाडांजवळ थांबून आणि चित्रीकरण करून त्यांनी कोळ्यांच्या तोंडी जाणाऱ्या प्रत्येक घासाची नोंद ठेवली. मेक्सिकोत कोळ्यांच्या आहाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बेल्ट पिंडांचा निघाला. कोस्टा रिकात हे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. उरलेल्या आहारात ग्रंथींतला गोड रस, अधूनमधून मुंग्यांकडून पळवलेल्या अळ्या आणि लहानसहान कीटक होते. कोरड्या ऋतूत, अन्नाची टंचाई असताना, ते क्वचित स्वजातीयांनाही खाताना दिसले.

दुसरा पुरावा रसायनशास्त्राचा होता. डोळ्यांनी पाहिलेले सगळे अंगी लागतेच असे नाही, म्हणून त्यांनी कोळ्यांच्या शरीरातल्या नायट्रोजन आणि कार्बन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. अन्नसाखळीत एकेक पायरी वर जावे तसतसे प्राण्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण वाढत जाते. गवत खाणाऱ्या टोळात ते कमी असते, टोळ खाणाऱ्या कोळ्यात जास्त. बघीराच्या शरीरातले प्रमाण त्याच भागातल्या इतर उड्या मारणाऱ्या कोळ्यांपेक्षा बरेच खाली होते, शाकाहारी प्राण्याला शोभेल असे. मेक्सिकोतल्या बघीराच्या शरीराचा बहुतेक भाग बाभळीवरच पोसलेला आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

पहारेकऱ्यांना चुकवण्याची पद्धतही या अभ्यासातून कळली. बेल्ट पिंड कोवळ्या पानांवर असतात आणि मुंग्यांचा पहारा तिथेच सर्वांत कडक असतो. कोळी आपली घरटी मात्र जुन्या पानांच्या टोकांशी बांधतो, कारण तिकडे मुंग्या फारशा फिरकत नाहीत. अन्नासाठी तो कोवळ्या पानाकडे येतो, मुंगी जवळ येताना दिसली की उडी मारून दुसरीकडे सरकतो किंवा धाग्याला लटकून खाली उतरतो. पिंड हाती लागला की तो घेऊन निर्धास्त जागी जातो. तीक्ष्ण दृष्टी, चपळ झेप आणि सुरक्षेचा धागा ही शिकाऱ्याची सारी आयुधे इथे मुंग्यांना हुलकावणी देण्याच्या कामी येतात. मेक्सिकोतल्या अभ्यासक्षेत्रात निम्म्याहून अधिक बाभळींवर हा कोळी आढळला, कोस्टा रिकात मात्र तो विरळाच होता.

आहारातल्या या बदलाचा बघीराच्या राहणीवरही परिणाम झालेला दिसतो. शिकारी कोळी सहसा एकटे राहतात, एकमेकांपासून अंतर ठेवतात. बघीरा एकाच झाडावर मोठ्या संख्येने राहतो. अन्न झाडावर वर्षभर उगवत राहते, त्यामुळे प्रजननही वर्षभर चालते. नर अंड्यांच्या आणि पिल्लांच्या आसपास राहून त्यांची राखण करतात, असेही अभ्यासकांना आढळले. उड्या मारणाऱ्या कोळ्यांमध्ये हे फार दुर्मीळ आहे.

२००९नंतर

पेकहॅम दांपत्याने १९०१ साली वर्णिलेली आणि अमेरिका-मेक्सिकोत आढळणारी ‘प्रॉस्पर’ ही जातीही आता बघीरा प्रजातीतच गणली जाते. २०१३ साली गुस्ताव्हो रुईझ आणि जी. बी. एडवर्ड्स यांनी प्रजातीची पुन्हा छाननी करून ग्वातेमालातील ‘मोटाग्वा’ आणि कोस्टा रिकातील ‘ला सेल्वा’ या दोन नव्या जातींची भर घातली. मुख्यतः वनस्पतींवर जगण्याचा भक्कम पुरावा मात्र ‘किपलिंगी’ या एकाच जातीबाबत मिळालेला आहे.

त्याच वर्षी बाभळीच्या रसायनशास्त्रावरही एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. बेल्ट पिंडांमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. रक्षक मुंग्यांच्या अळ्यांची पाचकद्रव्ये त्यांना दाद देत नाहीत, पण फुकट खायला येणाऱ्या इतर कीटकांना ते अडचणीचे ठरतात. म्हणजे बाभूळ आपल्या अन्नाचे रक्षण केवळ मुंग्यांवर सोपवत नाही, त्या अन्नाला एक रासायनिक कुलूपही लावून ठेवते. बघीराच्या पचनसंस्थेचा अभ्यास या शोधामुळे अधिक महत्त्वाचा झाला.

बघीरामुळे जुन्या नोंदींकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. मार्टिन निफेलर, एरिक ओल्सन आणि विल्यम सिमंडसन यांनी २०१६ साली जगभरच्या निरीक्षणांचा आढावा घेतला. दहा कुळांतल्या साठहून अधिक जातींचे कोळी मध, पराग, बीजाणू किंवा वनस्पतींचे इतर भाग खातात, असे त्यातून दिसले. यांत सर्वाधिक वाटा उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा होता. झाडांवर सतत फिरणारे, चपळ आणि तीक्ष्ण नजरेचे कोळी नव्या अन्नस्रोतांपर्यंत सहज पोहोचतात, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. या साऱ्या जातींत वनस्पती हे पूरक अन्न आहे आणि ते मुख्य अन्न करणारा बघीरा आजही एकटाच आहे. मुंग्या आणि बाभूळ यांच्या करारातले पिंड वर्षभर आणि एकाच जागी उपलब्ध असल्यामुळेच हे त्याला शक्य झाले.

बघीराची ओळख पटायला लागलेल्या काळाचा हिशेबही यातच मिळतो. १८७४ साली बेल्टने त्याच्या अन्नाचे वर्णन केले, १८९६ साली पेकहॅम दांपत्याने त्याच्या शरीराचे, १९६६ साली जॅन्झेन यांनी त्याच्या घराचे. तिन्ही वर्णने अचूक होती. तरी मृत नमुन्यासोबत झाडाची नोंद नव्हती आणि झाडाच्या नोंदींत कोळ्याचे नाव नव्हते. ती जोडली गेली ती ओल्सन आणि मीहन यांनी जिवंत कोळी त्याच्या झाडावर पाहिल्यानंतर. कोळ्यांच्या नव्या जातींची वर्णने आजही बहुधा संग्रहालयातल्या नमुन्यांवरूनच होतात आणि बहुसंख्य जातींचा आहार नोंदलेलाच नाही. म्हणूनच आता नमुना गोळा करताना झाड, ऋतू आणि वर्तन यांची नोंद नमुन्याइतकीच महत्त्वाची ठरते.